कोपरखळी

गाडी कापली होती म्हणतात, जन्माआधीच.
ऑक्सफर्डजवळ, काउलीच्या कारखान्यात,
ज्यानं ती रेखाटली त्याला एका संध्याकाळी
ती अरुंद वाटली. नुसती अरुंद.
सकाळी करवत मागवली. नाकापासून शेपटीपर्यंत
उभी चिरली, आणि दोन फाका
सरकवत राहिले कामगार: अजून थोडं, अजून,
बास.
चार इंच.

बंपर तोवर घडून पडले होते ढिगानं.
तेही मग मधून कापले, पट्टी जोडली,
वाढत्या पोरीच्या झग्याला जोडावी तशी.
बॉनेटवर अजून दिसतो तो सपाट पट्टा,
सगळ्या गोलाईत एकटाच सरळ.
गिऱ्हाइकांना मी बोट ठेवून दाखवायचो,
"हा बघा, टाका."

क्लिफर्ड गार्साइडना दाखवावा लागला नाही.
त्यांची मॉरिस मायनर त्रेपन्न सालची,
शेवाळी हिरवी, समोरची काच दोन तुकड्यांत,
मध्ये दांडी.
एक काच त्यांची, एक हेस्टरची.
"तुझा पाऊस तू पूस," म्हणायची ती.
ते चार इंच दोघांच्या मधोमध:
तिथं चहाचा फ्लास्क, डेल्सचा नकाशा, पेपरमिंटची पुडी.
मला कुणी विचारलं असतं, म्हणायची,
तर करवत लपवून ठेवली असती.

वळताना दिवे लुकलुकायच्या आधीची ही गाडी.
दारामागच्या खांबातून वीतभर नारिंगी हात
बाहेर येई, उजेड पोटात घेऊन,
उत्तर येत असलेल्या पोरासारखा.
उजवा हुशार.
डावा लाजरा. अर्ध्यात अडायचा,
कधी उठायचाच नाही.
मग हेस्टर खांबाला कोपर देई,
ठक्क.
अठ्ठावीस वर्षं डावीकडचं सगळं तिनं असं उघडलं:
पोस्ट, चॅपल, मेंढ्यांचा बाजार, बहिणीचं घर.
"मला विचारल्याशिवाय," वर ऐकवायची,
"ही गाडी डावीकडे जात नाही."

हेस्टर जानेवारीत गेली.
दफनभूमी चौकातून डावीकडे.

आमच्या लक्षात आलं ते उन्हाळ्यात.
गार्साइड चौकात आले की सरळ पुढं जात,
मग डेअरीपाशी उजवीकडे,
शाळेमागं उजवीकडे,
रिबलच्या पुलाअलीकडे पुन्हा उजवीकडे,
आणि तोच चौक आडवा ओलांडून
निघत, जायचं तिथं.
तीन उजवी मिळून एक डावं.
गाव थोडं हसलं. मग नाही हसलं.
समोरून दुधाचा टँकर येवो, शेळ्यांचा ट्रेलर येवो,
रस्त्याच्या मध्यावर ते थांबून राहत,
आठशे तीन सीसीचं इंजिन कुरकुरत,
उजवा हात बाहेर, लख्ख.

ब्रेक बघायला आणली तेव्हा मी म्हटलं,
"डाव्याची कॉइल साफ करून देतो.
अर्धा तास. पैसे नकोत,
तेलाचा एक थेंब लागेल."
ते टोपीची कड फिरवत राहिले.
"ब्रेकचं काय ते बघ," म्हणाले.

ब्रेक जमले. फेरी मारायला निघालो,
मी तिच्या जागेवर.
सीटवर अजून तिच्या कोटाचं करडं सूत.
खांबावर, खांद्याच्या थोडं खाली,
रंग उडून पत्रा चकचकीत झालेला,
नाण्याएवढा.

चौक आला. त्यांनी कळ डावीकडे लोटली,
सवयीनं, किंवा मला जोखायला.
खांबात काहीतरी खरखरलं, अडलं.
माझं कोपर उठलं होतं.
रस्ता मोकळा. मागं कुणी नाही.
ते वाट बघत होते,
स्वतःची काच सोडून माझ्या काचेतून समोर बघत.

मी कोपर खाली घेतलं, मांडीवर ठेवलं.
त्यांनी कळ मधोमध आणली, गिअर टाकला.
डेअरीपाशी उजवा हात
पहिल्या झटक्यात वर आला.